अर्धी पॉटरी आपली

इरावतीनं ती ओळ शोधून काढली तेव्हा कामगारांच्या सोसायटीच्या खोलीत टाळ्या पडल्या, आणि खरं बघितलं तर पॉटरी त्याच मिनिटाला हातची गेली. पण तेव्हा कोणाला कळणार? तेव्हा तर गोपीनाथकाकांनी खुश होऊन सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या.

थांबा, पहिल्यापासून ऐका, नाहीतर मजा नाही. मजा तशीही नाहीच म्हणा.

पॉटरी म्हणजे इंदूरला पोलोग्राउंडकडचा तो सरकारी कारखाना. विजेच्या खांबावर तार ज्या चिनी मातीच्या वाट्यांना बांधतात ना, तपकिरी, चमकदार, त्या तिथे भाजल्या जायच्या. तीनेकशे माणसं कामाला. इरावती तिथे अकाउंट्समध्ये, आणि तिचे बाबा, दिनानाथ, तिथल्याच भट्टीवरून रिटायर झालेले. म्हणजे बघा, सुदामा नगरच्या त्या घराची वीट न् वीट पॉटरीच्या पगाराची. आणि एक दिवस भोपाळहून हुकूम आला की सरकार पॉटरी विकून राहिलंय. तोटा फार झाला, आता खाजगी पार्टीला देणार.

घरात रोज सकाळी यावरून महाभारत.

"सरकारी होती म्हणून पोरगी शिकली," बाबा म्हणायचे.

"सरकारी होती म्हणून भट्टीचा पंखा दोन वर्षं बंद पडला होता," आई, चारुलता, कढईतून मान वर न करता. "तुम्हीच घरी येऊन बोंबलायचात. पंख्याला पण भोपाळची सही लागते म्हणून."

"आणि शेठ आला की काय करेल?"

"पंखा आणेल."

"आणि मला काढेल!"

"तुम्ही रिटायर आहात हो."

इरावती हसायची, पण तिच्या डोक्यात चक्र तिथूनच सुरू झालं. हुकुमातच लिहिलं होतं की कामगारांच्या सोसायटीला हवं तर ती पण आपली योजना देऊ शकते, आणि योजना पसंत पडली तर पहिला हक्क तिचा. ते कोणी धड वाचलंच नव्हतं. हिनं वाचलं. आणि मग पोरगी पेटलीच ना! तीन महिने ऑफिस सुटल्यावर बसून बसून तिनं योजना बनवली. अर्धी पॉटरी सरकारची, अर्धी कामगारांची. मॅनेजर बाजारातून आणायचा, पगार चांगला द्यायचा, आणि काम नाही केलं तर त्याला घरी पाठवायचा. पंखा आणायला भोपाळची सही नको. पण जमीन विकायची किंवा माणसं काढायची म्हटलं तर सरकारची सही पाहिजेच.

"सरकारनं मालक राहावं, मॅनेजर होऊ नये," असं ती आईला म्हणाली, "आणि शेठनं करायचं ते आपणच करावं, फक्त आपल्यालाच खाऊ नये."

आई म्हणाली, "बोलायला बरं आहे." पण त्या दिवसापासून तिनं वाद घालणं सोडलं.

सोसायटीत पटवणं अजून अवघड. सोसायटीचे अध्यक्ष गोपीनाथकाका. भट्टीचे फोरमन, आवाज असा की भोंग्याची गरज नाही, आणि सरकारवर बाबांपेक्षा जास्त श्रद्धा. इरावतीनं समजावलं, तक्ते दाखवले. मागून संताजी उठला. हा पॅकिंगमधला, रोज उशिरा येणारा.

"म्हणजे इराताई, मी मालक झालो समजा. मग मी लेट आलो तर मला झापणार कोण?"

"तूच."

"मग तर माफ केलं मी मला!"

खोली हसून हसून लाल. पण हसता हसताच पटलं बरं का लोकांना. हात वर झाले. गोपीनाथकाकांनी सगळ्यात शेवटी हात वर केला, आणि मग असा केला की जशी त्यांचीच कल्पना होती. "अर्धी पॉटरी आपली!" ते ओरडले, आणि ती घोषणाच होऊन बसली. गेटवर, चहाच्या टपरीवर, कँटीनच्या भिंतीवर, सगळीकडे तेच.

आता पुढचं. योजना ऑनलाइन टाकून झाली. फक्त एक राहिलं होतं. सही-शिक्क्याचं मूळ पाकीट अध्यक्षानं स्वतः भोपाळला जाऊन पेटीत टाकायचं. दुसरा कोणी चालणार नाही, अध्यक्षच पाहिजे, ओळखपत्र दाखवून. आणि शेवटची तारीख कोणती, तर अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस.

इंदूरच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही, पण बाहेरचे असतील त्यांच्यासाठी. आपल्याकडे चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर देखावे, मोटरवर हलणारी चित्रं, लाइटिंग, आखाडे, रात्रभर मिरवणूक, राजवाड्यावर पाय ठेवायला जागा नाही. गिरण्या बंद पडून जमाना झाला, पण गिरणीवाले झांकी काढतातच, वर्गणी करून काढतात. पॉटरीची पण झांकी असायची. आणि पॉटरीच्या झांकीचे सर्वेसर्वा कोण? गोपीनाथकाका!

"काका, आपण गणपतीच्या आधीच भोपाळला जाऊन येऊ," इरावती म्हणाली. "सकाळी निघू, संध्याकाळी परत."

"इरा बेटा," काका शेडमध्ये लोखंडी सांगाड्यावर चढलेले, हातात पाना, "माझा ऐरावत सोंड हलवत नाहीये आणि तू मला भोपाळला नेऊन राहिलीस?"

झांकी होती समुद्रमंथनाची. एका बाजूला देव, एका बाजूला दानव, मध्ये मंदार पर्वत, आणि पर्वताला आकार पॉटरीच्या वाटीचा. काकांचं म्हणणं, देव म्हणजे सरकार, दानव म्हणजे पार्टी. आई ते बघायला गेली होती डबा घेऊन, ती एवढंच म्हणाली, "आणि दोघं मिळून ज्याला ओढून राहिलेत तो साप कोण, गोपीनाथराव?" काकांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही डबा ठेवून जा."

असं करत करत गणपती बसले, आणि काका काही हलेनात. एक दिवस सोंड, एक दिवस लक्ष्मीचं कमळ उघडत नाही, एक दिवस जनरेटर. इरावतीला झोप लागेना. तिनं तो हुकूम पुन्हा काढला, ओळ न् ओळ वाचली, आणि तिथे तिला सापडलं. 'शेवटच्या दिवशी सुट्टी असल्यास पाकीट पुढच्या कामाच्या दिवशी स्वीकारलं जाईल.'

तीच ती ओळ. पळतच सोसायटीत गेली.

"काका! चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी असते!"

"असतेच ना!"

"मग शेवटची तारीख आपोआप एक दिवस पुढे गेली. तुम्ही आरामात झांकी काढा, झोपा, आणि मग जाऊ."

टाळ्या. कचोऱ्या. संताजी म्हणाला, "इराताई, तू मालक हो, आम्ही नोकरच बरे." सोसायटीचे वकीलसाहेब पण तिथेच होते, कचोरी खाऊन राहिले होते, त्यांनी पण मान डोलावली. "कलम अगदी स्पष्ट आहे," म्हणाले.

आता मला सांगा, तिचं चुकलं का? जन्मल्यापासून इंदूरात. शाळेला सुट्टी, कॉलेजला सुट्टी, कोर्टाला सुट्टी, पॉटरीला सुट्टी. त्या दिवशी अख्खं शहर दुपारपर्यंत झोपलेलं असतं, दूधवालासुद्धा उशिरा येतो. तीनशे माणसं, एक वकील, रिटायर झालेले बाबा, कोणाच्या मनात आलं नाही. अरे, ही सुट्टी कोणी दिलीय, कुठपर्यंत चालते, असा प्रश्न पडतो का कोणाला? दिवाळीबद्दल विचारतो का आपण?

झांकी काय निघाली भिया, काय निघाली! ऐरावतानं सोंड अशी हलवली की पोरं किंचाळली. लोक बाल्कन्यांतून फुलं टाकत होते. सकाळी घरी येऊन इरावती जी झोपली ती दुपारी उठली, आईच्या हातचं गरम खाल्लं, फोनवर झांकीचे व्हिडिओ बघितले, आणि संध्याकाळी बातमी आली की पहिलं बक्षीस पॉटरीला. बाबांच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, आता सगळं नीटच होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीनं ती आणि काका निघाले. काकांनी नवा कुर्ता घातलेला, मांडीवर पाकीट, आणि पिशवीत प्रसादाचे मोदक. साहेबांना द्यायला. वाटभर काका प्रत्येक टोलनाक्यावर सांगत होते, "पहला इनाम आया अपनी झांकी को!"

भोपाळच्या ऑफिसात टेबलावर चष्मेवाले साहेब. त्यांनी पाकीट हातात पण घेतलं नाही.

"ये तो कल बंद हो गया."

इरावतीनं हसून ती ओळ दाखवली. "सर, कल छुट्टी थी. इसलिए आज."

"छुट्टी? कहाँ?"

"कहाँ मतलब?" काका म्हणाले. "सब जगह! अनंत चौदस का दूसरा दिन!"

साहेबांनी चपराश्याकडे बघितलं. "क्यों भाई, कल छुट्टी थी क्या?"

"नहीं साहब," तो म्हणाला, "कल तो पूरा दिन चाय पिलाई मैंने."

साहेब वाईट माणूस नव्हता, हेच तर वाईट. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. समजावून सांगितलं की मॅडम, ती लोकल सुट्टी आहे, तुमच्या जिल्ह्याच्या कलेक्टरनं तुमच्या जिल्ह्याला दिलेली. इंदूरच्या बाहेर ती कुठेच नाही. भोपाळला कालचा दिवस इतर दिवसांसारखाच होता.

"आपकी योजना मैंने ऑनलाइन पढ़ी थी," तो म्हणाला. "अच्छी थी. सच कहूँ, बहुत अच्छी थी. पर लिफाफा नहीं, तो मैं खोल ही नहीं सकता. एक ही पार्टी का आया, उसी का खुला."

"एक ही?" इरावतीनं विचारलं.

"एक ही."

काकांनी मोदकांची पिशवी टेबलावर ठेवली होती. ती त्यांनी परत उचलली नाही. मागे चपराशी पळत आला जिन्यापर्यंत पिशवी घेऊन, तर काका म्हणाले, "रख ले, बेटा, बच्चों को दे."

परतीचा रस्ता. सीहोर गेलं. काका खिडकीबाहेर बघून राहिले होते, आणि इरावतीला एवढंच वाटत होतं की काकांनी तिला काहीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात, कारण ओळ तिनं शोधली होती. आष्ट्याला काका स्वतःशीच म्हणाले, "एकच पार्टी कशी काय?" सोनकच्छला चहाला थांबले तेव्हा म्हणाले, "तारीख बरोबर झांकीच्या दुसऱ्या दिवशीच का ठेवली? आं?" आणि देवास येईपर्यंत, खरं सांगते हं, त्या माणसाला पूर्ण खात्री पटली होती.

"मॅनेज केलंय, इरा. सगळं मॅनेज. पैसे चारलेत पार्टीनं."

"काका, तसं नाही झालं. आपल्याला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं."

"तू लहान आहेस अजून," काका म्हणाले, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फार मायेनं फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर सभा. तीनशे माणसं, झांकीची ट्रॉली अजून तिथेच उभी, देवांचे मुकुट उतरवलेले. काका ट्रॉलीवर चढले. "सरकारनं आपल्याला विकलं! आपली योजना पहिल्या नंबरची होती, खुद्द साहेबानं सांगितलं, इरा साक्षीदार आहे! पण शेठनं पैसे फेकले आणि आपलं पाकीट घेतलंच नाही!"

काय तो आवाज उठला! लोक रडत पण होते आणि ओरडत पण होते. संताजी तर छाती पिटून राहिला होता. बाबा पण आले होते, मागे स्कूटरला टेकून उभे. आणि काकांनी वरून माइक खाली केला. "सांग बेटा. तू होतीस तिथे. सांग."

आता बघा, तिनं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक 'हो' आणि घरी. सगळ्यांना तेवढंच हवं होतं. पण तिच्या डोक्यात काय आलं, की आता आपण हे खोटं धरून बसलो तर लोक चार वर्षं मोर्चे काढतील, कोर्टात जातील, पुरावा मागितला की हात रिकामे. आणि खरं बोललो तर निदान आजच सगळे मिळून भोपाळला जाऊ, हात जोडू, चूक झाली म्हणू, मुदत मागू. अजून सही व्हायची होती पार्टीची. एक-दोन दिवस होते. तिला खरंच वाटलं की वेळ आहे.

"कोणी पैसे खाल्ले नाहीत," ती माइकवर म्हणाली. "आपली सुट्टी फक्त इंदूरची असते. भोपाळला ऑफिस चालू होतं. आपण झोपलो होतो. मी पण. ती ओळ मीच चुकीची वाचली. चला, आजच्या आज सगळे जाऊन माफी मागू, मुदत—"

"किती मिळाले?"

संताजी होता. हसत नव्हता या वेळी.

"काय?"

"पार्टीकडून किती मिळाले, इराताई? म्हणजे आम्हाला पण कळू दे, मालकांना."

मग बायका, मग अजून कोणी. "तीच म्हणाली होती ना, आरामात जाऊ म्हणून!" "ओळ पण तिनंच काढली!" "योजना बनवून आपल्याला झुलवत ठेवलं!" वकीलसाहेब तिथेच होते. ते पायाशी काहीतरी पडल्यासारखे खाली बघून राहिले. काकांनी वाकून तिच्या हातातून माइक घेतला, हळूच, आणि घोषणा पुन्हा सुरू केली. अर्धी पॉटरी आपली. भोपाळला कोणी गेलं नाही. तीन दिवस गेटवर धरणं झालं, तेवढ्यात तिकडे पार्टीच्या कागदांवर सही झाली. बस, संपलं.

सभेच्या त्या सकाळी बाबांनी तिला स्कूटरवर मागे बसवलं. छत्रीबागेकडून वळले. मग म्हणाले, "खरं होतं का?"

"हो, बाबा."

"मग घरी सांगायचं होतं. गेटवर कशाला?"

दिवाळीनंतर पार्टी आत आली. पंखा आला, आईनं म्हटल्यासारखा, पहिल्याच आठवड्यात आला. अर्ध्या लोकांना हिशेब देऊन घरी पाठवलं, बाकीच्यांना ठेकेदाराकडे लावलं. इरावतीला बोलावणं आलं मॅनेजरच्या केबिनमध्ये. हा देवेंद्र. पुण्याहून आलेला, तिशीचा, मराठी बोलायला कोणी मिळालं म्हणून खुश.

"मॅडम, तुम्हाला आम्ही कायम करतोय. पगार पण वाढेल."

"मला का?"

"तुमची योजना वाचली ना मी. फार विचार केलाय. भट्टीचं, पॅकिंगचं, बरंचसं तसंच करतोय आम्ही."

"आणि कामगारांचा हिस्सा?"

तो हसला. उद्धटपणे नाही, उलट लाजल्यासारखा. "ते आमच्या हातात कुठे?"

मग त्यानंच गंमत म्हणून सांगितलं. पाकीट तोच घेऊन गेला होता भोपाळला. त्याच्या ड्रायव्हरनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, सर कल तो छुट्टी है. तर हा म्हणाला, कसली सुट्टी? पुण्यात नसते अशी. "मला माहीतच नव्हतं हो तुमच्याकडचं," तो म्हणाला. "माहीत असतं तर कदाचित मी पण झोपलो असतो."

इरावती उठली.

"आणि एक, मॅडम. त्या दिवशी गेटवर तुम्ही आमच्या बाजूनं बोललात, ते वर सगळ्यांना माहीत आहे. विसरलेले नाहीत ते."

"मी तुमच्या बाजूनं नाही बोलले."

"तेच तर. म्हणून तर पैसे चारल्याच्या बोभाट्यात ते कामाला आलं."

तिनं कागदावर सही केली. काय करणार? बाबांची पेन्शन केवढीशी, आणि दुसरी नोकरी कोण देतं या वयात, या बाजारात. बाहेर आली तर गेटसमोरच्या टपरीवर गोपीनाथकाका बसलेले. नोकरी गेली होती, पण रोज यायचे, सवयीनं. गेले दोन महिने त्यांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं. आज बाकावर सरकले.

"बस, इरा. चहा घे."

ती बसली.

"झालं का पक्कं?"

"हो."

काकांनी मान हलवली. टपरीवाला, दोन ठेक्यावरची पोरं, सगळे ऐकून राहिले होते, म्हणून काकांनी आवाज बारीक केला. त्यांचा आवाज बारीक झालेला तिनं पहिल्यांदाच ऐकला.

"आपल्या भट्टीवरच्या श्रीहरीला ठेकेदारानं कमी केलं. लेकरं आहेत दोन त्याला. तू... म्हणजे, आता तुझी आत सेटिंग आहे, तर एक शब्द टाकशील का?"

सेटिंग. तिला सांगायचं होतं की काका, माझी कोणाशी काही सेटिंग नाही, तेव्हाही नव्हती, तुम्हाला माहीत आहे, गाडीत तुम्ही माझ्या शेजारी होतात. काका चहाचा कप दोन्ही हातांत धरून तिच्या तोंडाकडे बघून राहिले होते, अगदी गेटवर माइक खाली करताना बघितलं होतं तसे.

"टाकते, काका," ती म्हणाली. "माझं ऐकतात ते."